टेकडीवर जाऊनही डोकं शांत होत नसेल तर

रविवारी सकाळी साडेसहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर या आणि खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर शंभर पावलं नुसतं ऐकत चाला. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर किती चौरस फूट जास्त देतोय, कोणाच्या मुलाला कुठं अ‍ॅडमिशन मिळाली, कमरेच्या स्पीकरवर जुनी गाणी, मध्येच कोणाची तरी ऑफिसची मीटिंग. मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलांचा हिशेब ठेवतंय. वर पोचलं की सेल्फी, खाली उतरलं की मिसळ. आणि सोमवारी हाच माणूस सांगतो, "निसर्गात जाऊन बघितलं हो, मला तरी काही फरक पडत नाही."

पडणार कसा? चालणं झालं, गप्पा झाल्या, मिसळ झाली. तिन्ही चांगलीच कामं. पण डोक्याला जी उसंत हवी होती, तिला त्यात जागाच मिळाली नाही. मी स्वतः दोन वर्षं असाच चढत-उतरत होतो. नंतर कळलं की वेळ पुरेसा देत होतो, क्रम चुकत होता. तो क्रम खाली दिला आहे. टेकडी नसेल तर बाग, नदीकाठ, तलाव, शेताचा बांध, काहीही चालेल.

## आधी एक खात्री

ही पद्धत रोजच्या ताणासाठी आहे. चिडचिड, घरी आल्यावरही डोक्यात चालू राहणारं ऑफिस, उगाच उडालेली झोप, अशा गोष्टींसाठी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, भूक-झोप बिघडली असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, तर आधी डॉक्टर, मग टेकडी. जीव नकोसा वाटत असेल तर वाट बघू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सावधान: गोळ्या चालू असतील तर "आता मी निसर्गात जातोय" म्हणून त्या परस्पर बंद करू नका. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेत असाल तर उन्हात घाम गाळण्याआधी डॉक्टरांशी बोला. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते धोक्याचं ठरू शकतं.

## टप्पा १: जागा ठरवा, आणि एकच ठरवा

इथली नेहमीची चूक म्हणजे सुंदर जागा शोधणं. सुंदर जागा लांब असते, आणि लांबच्या जागी माणूस महिन्यातून एकदा जातो. तुम्हाला हवी आहे ती रोज जाता येईल अशी साधी जागा. घरातून पंधरा मिनिटांत पोचता आलं पाहिजे, त्यात पार्किंग शोधण्याचा वेळही धरा.

जागा बघायला गेलात की आधी उभे राहून कान द्या. रहदारीचा आवाज पानांच्या आणि पाखरांच्या आवाजाखाली दबतो का? पूर्ण शांतता शहरात मिळणार नाही, तिचा हट्ट धरू नका. हॉर्न लांबून येत असेल तर चालतो. मग बसायला काय आहे ते बघा: दगड, पार, बाक. पाठीला आधार असेल तर उत्तम. गुडघे दुखत असतील तर पंधरा मिनिटं मांडी घालून बसण्याचा हट्ट नको, घडीचं स्टूल न्या.

मुंबईकरांना "आमच्याकडे कुठं आलाय निसर्ग" असं म्हणायची सवय असते. बोरिवलीकडच्यांना राष्ट्रीय उद्यान आहेच. पण शीव-धारावीच्या बाजूला मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ते तर एके काळच्या कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं आहे. नागपुरात सेमिनरी हिल्स आहे, कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ आहे, फक्त भेळेच्या गाड्यांपासून लांबची बाजू धरा. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवरचं एखादं जुनं चिंचेचं झाडही पुरतं. मी सहा महिने अशाच एका झाडाखाली काढले आहेत.

तपासा: ठरवलेल्या जागी तुम्ही जाणार त्याच वेळेला एकदा फेरी मारून या. सकाळी सातला निवांत असलेली बाग संध्याकाळी सातला जत्रा असते. एकट्या बाईनं जायचं असेल तर निर्जन शांततेपेक्षा थोडी वर्दळ असलेली वेळ बरी. सतत मागं वळून बघावं लागत असेल तर तिथं मन निवांत होणारच नाही, मग जागा कितीही हिरवी असो.

## टप्पा २: किती वेळ, किती वेळा

इंग्लंडमध्ये जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती बरी असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. ती १२० मिनिटं एकदम असोत की तुकड्यांत, फरक दिसला नाही. हा लोकांना विचारून केलेला अभ्यास आहे, त्यामुळे ११९ मिनिटांना काही मिळत नाही असं समजू नका. पण अंदाजाला आकडा चांगला आहे.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या मिशिगनमधला, तोही २०१९ चाच. शहरात राहणाऱ्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा निसर्गात वेळ घालवायला सांगितलं आणि काही वेळा आधी-नंतरची लाळ तपासली. ताणाशी जोडलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक सर्वांत वेगानं उतरलं ते २० ते ३० मिनिटांच्या टप्प्यात. त्यापुढे बसलं तर फायदा होतो, पण हळूहळू. त्या लोकांना घातलेल्या अटी मात्र आपल्या कामाच्या आहेत: दिवसाउजेडी जायचं, दमछाक करणारा व्यायाम नको, फोन नको, इंटरनेट नको, गप्पा नकोत, वाचनही नको. रविवारच्या टेकडीवर यातली पहिली अट तेवढी पाळली जाते.

म्हणून हिशेब सोपा ठेवा: आठवड्यात चार वेळा, प्रत्येक वेळी साधारण ४० मिनिटं. त्यातली १० चालण्याची, २० ते २५ बसण्याची, उरलेली परतीची.

नेहमीची चूक: महिनाभर काहीच नाही आणि मग एकदम हरिश्चंद्रगड. ट्रेकला जरूर जा, पण तो या हिशेबात धरू नका. पहाटे तीनची बस, चाळीस अनोळखी माणसं, दमलेले पाय आणि सोमवारी ऑफिसात जांभया. त्याचा आनंद वेगळ्या जातीचा आहे.

## टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

सकाळी उठून ठरवायला काही ठेवलं की निम्म्या वेळा जाणं राहतं. मोजे, पाण्याची बाटली, टोपी, छोटी वही आणि पेन रात्रीच दाराशी ठेवा. बूट पूर्ण पाय झाकणारे हवेत, चप्पल नको. संध्याकाळी जाणार असाल तर डासांचं मलम आठवणीनं लावा, नाहीतर वीस मिनिटं खाजवण्यात जातील.

फोनचं काय? घरी ठेवा असं मी सांगणार नाही. पाय मुरगळला तर लागतो, आणि फोन घरी राहिला तर बऱ्याच जणांचं चित्त त्या फोनपाशीच राहतं. विमान मोडवर टाका, बसायच्या वेळी २५ मिनिटांचा गजर लावा, पिशवीच्या तळाशी घाला, वरून बाटली ठेवा. काढायला त्रास झाला पाहिजे, एवढाच मुद्दा. घरच्यांना कुठं जाताय आणि किती वाजता परत याल ते सांगून निघा. "कुठं आहेस?" हा फोन येणार नाही याची खात्री असली की मन सैल सुटतं.

पोट रिकामं नको, भरलेलंही नको. चहा आणि दोन बिस्किटं पुरे.

## टप्पा ४: पहिली दहा मिनिटं फक्त चाला

बरेच जण फाटकातून आत शिरले की लगेच बाकावर बसतात, डोळे मिटतात आणि तीन मिनिटांत वैतागून उठतात. उकळी आलेल्या दुधावर एकदम झाकण ठेवल्यासारखं होतं ते. आधी हळू चाला. इतकं हळू की श्वास नाकानं सहज घेता यावा. घड्याळाला पावलं मोजू देऊ नका, काढून खिशात टाका. व्यायामाचं चालणं वेगळ्या वेळी करा. दोन्ही एकदम साधायला गेलं की लक्ष नाडीच्या ठोक्यांवर राहतं.

या दहा मिनिटांत घरचं सगळं डोक्यात येणारच: हप्ता, सासूबाईंचं पथ्य, साहेबांचा मेल. येऊ द्या. ढकलायचं नाही, सोडवायलाही घ्यायचं नाही.

## टप्पा ५: बसणं

सगळी मदार या टप्प्यावर आहे, आणि नेमका हाच लोक गाळतात.

दर वेळी त्याच जागी बसा. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण नवीन जागी मन अर्धा वेळ पाहणी करण्यात घालवतं. ओळखीच्या जागी ते लवकर बसतं. बसल्यावर पुढचा क्रम धरा.

आधी कान. डोळे उघडेच ठेवा, नजर खाली. सगळ्यात लांबचा आवाज कोणता ते शोधा. मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, असं करत आपल्या श्वासापर्यंत या. लांबून सुरुवात करण्याला कारण आहे: जवळून सुरुवात केली की माणूस स्वतःच्या धडधडीत अडकतो. माझ्या जागेवरून आधी हायवेची घरघर येते, मग कुत्रं, मग तांबट पक्ष्याचं टुक-टुक-टुक. हा पक्षी दिसत नाही फारसा, पण त्याची लय तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तशी एकसारखी असते. त्याचे ठोके मोजत बसलं की ध्यान वगैरे शब्द न वापरता काम होतं.

मग डोळे. एकच वस्तू निवडा, हाताच्या अंतरावरची. कांडोळाचं झाड जवळ असेल तर भाग्य समजा. पांढरट गुलाबी खोड, आणि त्यावरून कागदासारखे सुटणारे सालीचे पातळ पापुद्रे. त्या पापुद्र्याखालून एक डोंगळा बाहेर येतो, थबकतो, मिशा हलवतो, परत आत जातो. तो पुन्हा कुठून निघतो याची वाट बघण्यात माझी एकदा अख्खी सात मिनिटं गेली होती. कांडोळ नसेल तर गवताची काडी घ्या, भिंतीवरचं शेवाळ घ्या, वडाची पारंबी घ्या.

शेवटी त्वचा आणि नाक. वारा कोणत्या गालाला लागतो? उन्हाचा कवडसा गुडघ्यावरून किती सरकला? पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास सगळ्यांना माहीत असतो, घाणेरीचं पान चुरगळल्यावर येणारा उग्र वास किती जणांनी घेतलाय? वास घेतलात तर नंतर हात धुवा, आणि ते पान तोंडात मात्र घालू नका.

साधारण दहाव्या-बाराव्या मिनिटाला हात पिशवीकडे जाईल. पायाला मुंग्या आल्यासारखं वाटेल, "पुरे झालं" असं वाटेल. इथंच बहुतेक जण उठतात. उठू नका, गजर होईपर्यंत थांबा. अमेरिकेतल्याच अ‍ॅन आर्बर इथं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना वृक्षोद्यानात आणि गजबजलेल्या रस्त्यावर चालायला पाठवलं. उद्यानात चालल्यावर आकडे उलट क्रमानं सांगण्याची त्यांची क्षमता सुधारली. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत, चालायला मजा आली नसतानाही सुधारली. म्हणजे कंटाळा आला तरी काम आतून चालू असू शकतं.

नेहमीच्या चुका:

- पक्षी दिसला की अ‍ॅप काढून नाव शोधणं. नाव नंतर घरी शोधा. आत्ता तो शेपटी कशी हलवतो ते बघा.
- फोटो. एक फोटो काढला की तो कोणाला पाठवायचा हे मनात सुरू होतं.
- "ओम"चा जप, प्राणायाम, पॉडकास्ट, आणि सोबत निसर्गही. एका ताटात चार भाज्या वाढून एकीचीही चव लागत नाही.
- जोडीदाराला बरोबर नेणं आणि गप्प बसण्याचा करार न करणं. न्यायचं असेल तर दहा पावलं लांब बसवा. गप्पा परतीच्या वाटेवर.

इथं थांबा: बसल्यावर तेच ते विचार गरगरत वाढत असतील, छातीत दडपण येत असेल, तर नेटानं बसून राहू नका. उठा आणि चाला, शक्यतो कोणाला तरी बरोबर घेऊन. काहींना बसण्यापेक्षा हाताला काम मानवतं. कुंडीतली माती उकरणं, रोपांना पाणी घालणं, तण काढणं. त्यांनी पाचव्या टप्प्याच्या जागी तेच करावं. यात कमीपणा काही नाही.

## धोके, थोडक्यात पण गांभीर्यानं

बसण्याआधी दगडाच्या आजूबाजूला काठीनं आपटून घ्या, कपारीत हात घालू नका. आपल्या खडकाळ माळांवर फुरसं आणि गवतात घोणस असते. दोन्ही विषारी आहेत. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नको. हालचाल कमीत कमी ठेवून थेट मोठं रुग्णालय गाठा.

झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला. अत्तर मारून जाऊ नका आणि धूर करू नका. ढग गडगडू लागले की टेकडीचा माथा आणि एकटं झाड दोन्ही सोडा. सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातली सत्तरी या भागात साधारण जानेवारी ते मे हे माकडतापाचे महिने असतात. तो गोचिडीतून पसरतो, म्हणून त्या काळात रानातल्या पाचोळ्यावर बसणं टाळा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ऊन तापायच्या आधी, सकाळी आठच्या आत घरी.

## टप्पा ६: परतीची वाट

गजर झाला की झटकन उठायचं नाही. मिनिटभर उभे राहा, पाठ सरळ करा, मग वही काढा. तीन गोष्टी लिहा: येताना मन किती जड होतं (० ते १०), आत्ता किती, आणि आज पाहिलेली एक गोष्ट. एकाच ओळीत. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "७ / ५ / बुलबुलाच्या चोचीत कापूस." निबंध लिहायला बसलात की पुन्हा स्वतःभोवती फिरायला लागाल.

आणि आता ती चूक, जिच्यात कमावलेलं सगळं जातं: फाटकाबाहेर पाय पडताच फोन चालू करणं. घरी पोचून पाय धुवेपर्यंत विमान मोड काढू नका. दहा-पंधरा मिनिटांत कोणाचं काही अडत नाही. मिसळ खायची असेल तर खा, पण तिथल्या टीव्हीकडे पाठ करून.

## टप्पा ७: चार आठवडे, मग हिशेब

पहिल्या आठवड्यात आकडे काहीही येतील, त्यांच्याकडे बघू नका. दुसऱ्या आठवड्यात हमखास कंटाळा येतो आणि एक-दोन दांड्या पडतात. दांडी पडली तर ती भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, नुसतं पुढं चला. तिसऱ्या आठवड्यापासून आधीचा आणि नंतरचा आकडा यांत साधारण एक-दोनाचं अंतर दिसू लागलं तर गाडी रुळावर आहे. पाच-सहाची अपेक्षा धरू नका.

चार आठवड्यांनंतर अंतर शून्यच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वेळ बदला, मग जागा, मग बसण्याऐवजी हाताचं काम. तीनही बदलून बघितलं आणि काही हललं नाही, किंवा येतानाचा आकडाच आठवड्यागणिक वाढत चालला असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला तारीखवार उत्तर तयार असतं, आणि त्यांनाही ते उपयोगी पडतं.

## पाऊस, आजारपण, आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही

जुलैत संततधार लागली की साखळी तुटते. त्यासाठी आधीच एक खिडकी ठरवून ठेवा. खिडकी म्हणजे दुय्यम दर्जाचं काहीतरी, असं समजू नका. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ही पाहणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली.

खिडकीपाशीही क्रम तोच: आधी कान, मग डोळे, मग वारा. फक्त खुर्ची टीव्हीकडे तोंड करून नको. आमच्या घरी वडिलांची खुर्ची वर्षानुवर्षं तशीच होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती उचलून गॅलरीच्या दाराशी, कडुलिंबाकडे तोंड करून ठेवली. पहिले चार दिवस त्यांनी कुरकुर केली. आता दुपारी चारला खार कुठल्या फांदीवरून उतरते हे ते मला सांगतात, आणि ती आली नाही तर तेही सांगतात.